सरलेल्या सालाची साक्ष

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळ गावी माणसांची गर्दी उसळते. जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. आदल्या संध्याकाळी वाघ घराण्याचे वारस गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. गोल आखून त्यात गहू, ज्वारी, तूर, सरकी अशी अठरा धान्यं ठेवायची. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पापड-कुरडई, शेजारी पान-सुपारी. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे कुठलं धान्य किती सरकलं, कुठलं ढेकूळ किती भिजलं, यावरून येणारं साल कसं जाईल ते सांगायचं.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. या भाकिताला शास्त्राचा आधार नाही, हे मुलांना सांगत आलो आणि आजही सांगेन. तरी अक्षय तृतीया उलटली की वर्तमानपत्रात आधी भेंडवळची बातमी शोधतो. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाची ही खोड आहे. पुढचं साल कळावं म्हणून आपण फार धडपडतो. सरलेल्या सालाकडे मात्र कुणी वळून पाहत नाही. पीक विकलं, देणी भागवली, नाही भागली तर पुढच्या सालावर ढकलली, की संपलं.

हे सगळं आठवायचं कारण असं की फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी वेगळीच मांडणी पाहिली. ती होती सरलेल्या सालाची, आणि मांडलेल्या होत्या बाटल्या. नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या एका छोट्या वाइनरीत त्या दिवशी नवी लाल वाइन बाहेर पडणार होती. मला तिथे ओढून नेलं होतं माझ्या पुतण्यानं.

गारांची रात्र

पुतण्याची शेती सिंदखेडराजा तालुक्यात. या भागात आणि शेजारच्या देऊळगावराजात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बियाणं तयार करायचा धंदा चांगला रुजला आहे. कंपनीशी करार करायचा, मिरची-टोमॅटोच्या फुलांचं हातानं परागीकरण करायचं आणि बियाणं मोजून द्यायचं. पुतण्यानं कर्ज काढून जाळी उभारली होती. 26 नोव्हेंबर 2023च्या रात्री अवकाळी पाऊस आणि गारा आल्या. सकाळी जाळी जमिनीला टेकली होती आणि तिच्या झोळीत गारांचे ढीग होते. झाडं कुठली आणि चिखल कुठला, ते ओळखू येत नव्हतं.

त्यानंतर त्याच्या डोक्यात द्राक्षांनी घर केलं. आमच्याकडून जालन्याला जाताना कडवंची हे गाव लागतं. 1996 साली तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं बांधबंदिस्ती सुरू झाली. पुढे शेततळी झाली, ठिबक आलं, आणि कोरडवाहू म्हणून ओळखलं जाणारं गाव द्राक्षांचं झालं. रोज रस्त्यानं जाताना ते हिरवे मांडव पाहणाऱ्या पोराला वाटणारच की, त्यांना जमलं ते आपल्याला का नाही? त्यात कुणीतरी सांगितलं, खायच्या द्राक्षापेक्षा वाइनच्या द्राक्षाला भावाची हमी असते.

हा विषय घरात निघाला आणि आत्यानं जेवणाचं ताट बाजूला सारलं. आत्या ऐंशीच्या पुढची. गळ्यात तुळशीची माळ. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बायांचं मतदान झालं, तेव्हा आडव्या बाटलीचा प्रचार करत ती दारोदार हिंडली होती. ज्या घरांत संध्याकाळी काय चालतं हे सगळ्या गावाला माहीत होतं, त्या घरांतल्या बाया तिच्या मागे उभ्या राहिल्या आणि दुकान उठलं.

“दारू ते दारूच,” आत्या म्हणाली. “मोहाची असो का द्राक्षाची. आपल्या वावरात पिकवशील तं मले पहिले काशीले धाडून दे.”

“आत्या, मी फकत पाहून येतो ना,” पुतण्या म्हणाला.

“पाहून यायले कोन नाही म्हन्ते? काकाले संग ने.”

अशी माझी नेमणूक झाली. सिंदखेडराजातल्या लखुजी जाधवांच्या राजवाड्यावर उजाडायच्या आत आम्ही निघालो आणि समृद्धी महामार्गाला लागलो. शिर्डीजवळ महामार्ग सोडून दिंडोरीच्या शिवारात पोहोचेपर्यंत दहा वाजून गेले होते. वाइनरीचं आणि मालकाचं नाव इथे देत नाही. हा लेख म्हणजे जाहिरात नव्हे, आणि त्या गृहस्थांनाही ती नको होती. सगळे त्यांना दादा म्हणतात, तेच आपण म्हणू.

वेलीला निजू न देण्याची कला

दादांनी आधी बाटली दाखवली नाही, बाग दाखवली. तोडणीचे दिवस होते. खायच्या द्राक्षाचा मांडव डोक्यावर असतो. इथे वेली तारांवर उभ्या चढवलेल्या, कुंपणासारख्या. घड मुठीएवढे, मणी मोठ्या जांभळापेक्षाही लहान, काळेनिळे, वर पांढुरकी लव. पुतण्यानं एक मणी तोंडात टाकला आणि त्याचा चेहरा पडला. साल जाड आणि आत बिया.

“खायला वाईट, तेवढं वाइनला चांगलं,” दादा हसले. “रंग आणि तुरटपणा सालीत असतो. गर पाहा, पांढराच आहे.”

खरंच होतं. या काळ्या कॅबर्नेचा रसही सुरुवातीला पाणीदार फिक्काच निघतो. लाल वाइन लाल होते ती सालीमुळे.

युरोपात हिवाळा आला की वेल पानं गाळून झोपते आणि वसंतात उठते. आमच्याकडे तिला झोपवणारी थंडी नाही. सोडून दिली तर ती वर्षभर वाढत राहील. म्हणून महाराष्ट्रातल्या बागाईतदारानं वर्षातून दोनदा कात्री चालवायची रीत बसवली. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तेव्हा येणाऱ्या काड्यांत पुढच्या पिकाची घडनिर्मिती होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. तिच्यानंतर घड बाहेर पडतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येतात. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबरच्या सुमारास होते, आपल्याकडे होळीच्या आधी.

ही जमीन द्राक्षाला नवखी आहे असं मात्र समजू नये. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूतानं दौलताबादच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची वाखाणणी केली आहे आणि त्यांना वर्षातून दोनदा बहार येतो असंही नोंदवलं आहे. आमच्या बुलढाण्याहून दीड-दोन तासांवर अजिंठा. पहिल्या लेण्याच्या छताकडे मान वर करून पाहा. दाढी, उंच टोपी, अंगात इराणी पेहराव अशा थाटाचा एक परदेशी माणूस हातात पेला घेऊन बसला आहे आणि सेवक सुरई घेऊन उभे आहेत. त्याहून आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या ग्रीक खलाशानं भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटलीच्या वाइनला पहिलं स्थान दिलं आहे. त्याच बंदरात आपल्या पैठण आणि तेरहून बैलगाड्यांनी माल येत असे. तेव्हा हे पेय आपल्याला माहीत होतं. ते आपल्या वावरात होऊ शकतं, हे कळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

टोपी आणि विरजण

बागेतून आम्ही शेडमध्ये गेलो. स्टीलच्या उंच टाक्या आणि आंबट-गोड वास. आमच्याकडे मळीचा वास म्हटलं की नाक मुरडतात. हा वास निराळा होता, गुळाच्या गुऱ्हाळाजवळ येतो तसा.

द्राक्ष तोडायचं ते पहाटे, ऊन चढायच्या आत. त्याआधी मणी चिरडून एक थेंब उपकरणाच्या काचेवर घेतात आणि साखर मोजतात. तेवीस-चोवीस ब्रिक्स भरली की कात्री लावतात. घडाचे देठ काढून मणी फोडतात आणि लाल वाइन करायची असेल तर रस, साली, बिया सगळं टाकीत जातं. मग यीस्ट आपलं काम सुरू करतं. साखर खातं, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतं. तो वायू साली वर ढकलतो आणि त्यांचा जाड थर रसावर तरंगू लागतो. त्याला इथे टोपी म्हणतात. ही टोपी कोरडी पडली तर वाइन बिघडते. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा खालचा रस पंपानं वर आणून तिच्यावर सोडतात. तो मुरताना सालीतला रंग घेऊन खाली जातो. आठ-पंधरा दिवसांनी साली पिळून काढायच्या.

यानंतरची एक गोष्ट घरोघरच्या गृहिणींना लगेच कळेल. नव्या वाइनमध्ये हिरव्या सफरचंदातलं असतं ते बोचरं आम्ल असतं. दह्याच्या विरजणात असतात त्यांच्या नात्यातले जिवाणू त्या आम्लाचं रूपांतर दह्यातल्या मवाळ आम्लात करतात. मग ती वाइन ओकच्या लाकडी पिंपात जाते. एका पिंपात 225 लिटर, म्हणजे साधारण तीनशे बाटल्या. पिंप परदेशातून आणावं लागतं, आणि दोन-चार हंगामांत त्याच्या लाकडाचा स्वाद उतरून जातो. त्यात वर्ष-सव्वा वर्ष, मग बाटलीत आणखी काही महिने.

“आणि या सगळ्या काळात पैसा?” पुतण्यानं विचारलं.

दादांनी पिंपावर हात ठेवला. “हा काय, यात झोपलाय.”

त्या एका वाक्यात मला या धंद्याचं मर्म सापडलं. एका बाटलीला एक किलोहून थोडी जास्त द्राक्षं लागतात. चांगली लाल वाइन करायची तर घड विरळून एकरी उत्पादन खायच्या द्राक्षाच्या निम्म्यावर आणतात. म्हणजे पीक मुद्दाम कमी घ्यायचं, वर दोन वर्षं विकायचं नाही. आमच्याकडचा कास्तकार कापूस वेचून घरात आला की दुसऱ्या दिवशी गाडीत भरतो. भाव पडलेला असतो हे त्याला कळत नाही असं नाही. पण दुकानदार थांबत नाही, बँक थांबत नाही, पोरीचं लग्न थांबत नाही. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी आत्महत्या रोखण्याचं पॅकेज जाहीर केलं, त्यांत आमचा बुलढाणा होता. त्या वेळी पुष्कळ कारणमीमांसा झाली. मला विचाराल तर कष्ट, अक्कल, जमीन यांत आमचा शेतकरी कुणाला हार जाणारा नाही. त्याला थांबण्याची ऐपत नाही, एवढंच.

दोनदा आडवी आलेली तारीख

थांबण्याची ऐपत दादांनाही आयती मिळाली नव्हती. महाराष्ट्रात आधुनिक वाइनचा पाया घातला तो नारायणगावच्या इंडाजनं, श्यामराव चौगुल्यांनी, 1980च्या दशकात. नाशिकला राजीव सामंतांनी 1997 साली वेली लावल्या आणि आईच्या सुलभा या नावावरून सुला हे नाव ठेवून 2000 साली पहिली वाइन बाजारात आणली. 2001 साली राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, करात सवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. सगळीकडे उत्साह होता. दादांच्या वडिलांनी त्याच भरात खायच्या द्राक्षाची बाग काढून कॅबर्ने आणि शिराझ लावलं आणि एका वाइनरीशी करार केला.

मग 26 नोव्हेंबर 2008ला मुंबईवर हल्ला झाला. मोठी हॉटेलं ओस पडली, परदेशी पाहुणे येईनात, त्यात जगभरची मंदी. वाइनचा खप घसरला. टाक्या भरलेल्या असताना नवी द्राक्षं घेणार कोण? इंडाजसारखी मोठी कंपनी संकटात सापडली. पुढच्या एक-दोन हंगामांत नाशिकच्या कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली मुळासकट उपटल्या. दादांशी करार केलेल्यांनीही हात वर केले.

“शेजारी कुऱ्हाड चालवत होते,” दादा म्हणाले. “वडील म्हणाले, आपणही काढू. मी म्हटलं, कुणी घेत नाही ना, मग आपणच करू. चुकलो असतो तर आज तुम्हाला दिसलो नसतो.”

आणि आज बाहेर पडणारी वाइन होती 2024च्या तोडणीची. म्हणजे जिची गोडी छाटणी 2023च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात झाली, ती. 26 नोव्हेंबर 2023च्या ज्या रात्री आमच्या पुतण्याची जाळी बसली, त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यातही गारा पडल्या होत्या. दादांची लवकर छाटलेली बाग फुटली, घडांना मार लागला, केवडा पसरला. उशिरा छाटलेला तुकडा तेवढा वाचला. त्या तुकड्याचीच ही वाइन. नेहमीपेक्षा कितीतरी कमी.

“सव्वीस नोव्हेंबर आम्हाला दोनदा आडवी आली,” दादा म्हणाले. पुतण्या काही बोलला नाही. तो पिंपाकडे पाहत उभा होता.

दुपारी लहानसा कार्यक्रम झाला. पन्नासेक माणसं, त्यांत बागेतले मजूर, शेजारचे बागाईतदार, दोन-तीन हॉटेलवाले. टेबलावर ओळीनं तीन बाटल्या ठेवल्या होत्या, 2022, 2023, 2024. तीच बाग, तीच वेल, तोच माणूस. फरक फक्त सालाचा. आधी 2022ची चाखायची, मग 2023ची, मग नवी.

हा लेख आत्याच्या हाती पडणार आहे, म्हणून कबुली इथेच देतो. मी एक-एक घोट घेतला. जाणकारांसारखं वर्णन मला येत नाही. पहिल्या दोन भरदार होत्या. नवी थोडी कडक, जांभळाच्या बीजवळच्या गरासारखी तुरट, आणि मग बराच वेळ जिभेवर राहणारी. दादा म्हणाले, मणी कमी राहिले म्हणून सगळा अर्क उरलेल्यांत उतरला. खरंखोटं त्यांना ठाऊक. पण गारांचं साल असं जिभेवर आलेलं मी प्रथमच अनुभवलं.

आत्याची बाजूही तितकीच खरी आहे. वाइन हृदयाला चांगली, हे वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023मध्ये स्पष्ट सांगितलं की मद्याचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. वाइनमध्येही तेरा-चौदा टक्के मद्यार्क असतोच. जानेवारी 2022मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अण्णा हजाऱ्यांपासून अनेकांनी विरोध केला, आणि तो निर्णय अमलात आला नाही. शेतकऱ्याचं भलं म्हणून प्रत्येक गोष्ट खपवता येत नाही, हे खरं. आणि वाइन करणारा प्रत्येक जण गावं बुडवायला निघालेला असतो, हेही खरं नाही. दोन्ही गोष्टी एका घरात नांदतात. आमच्या घरात नांदतातच.

नाव आणि साल

निघताना पुतण्यानं मुख्य प्रश्न विचारला. “दादा, आमच्याकडे लावू का?”

दादांनी विचार करून उत्तर दिलं. “तुझ्या जवळ वाइनरी कुठली?”

“नाही कुठली.”

“मग लावू नकोस. हे द्राक्ष तोडल्यावर काही तासांत टाकीत पडायला पाहिजे. खायला ते कुणी घेणार नाही. एकच गिऱ्हाईक, आणि तेही अडीचशे कोसांवर असल्यासारखं. आम्ही गिऱ्हाईक शेजारी असताना बुडालो होतो. आधी गिऱ्हाईक, मग वेल. तुझं शेततळं भरतं का? मग खायच्या द्राक्षाचा अर्धा एकर करून पाहा, कडवंचीच्या लोकांना विचारून. आणि ज्याच्यात तुझा हात बसलाय ते बियाण्याचं काम सोडू नको.”

आपला माल विकणाऱ्या माणसानं दुसऱ्याला इतकं सरळ ‘नको’ म्हणावं, याचं मला अप्रूप वाटलं.

पुतण्यानं बाटली घेतली नाही. आत्याच्या घरात ती येणं शक्यच नव्हतं. त्यानं दादांकडे बाटलीवर चिकटवायचा एक सुटा कागद मागून घेतला. त्यावर गावाचं नाव, द्राक्षाचं नाव आणि मोठ्या आकड्यांत 2024.

परतीच्या वाटेवर मी त्या कागदाचाच विचार करत होतो. 1870 साली इंग्रजांनी आमच्या खामगावचा कापूस नेण्यासाठी जलंबहून रेल्वेचा खास फाटा टाकला. तेव्हापासून किती गाठी गेल्या असतील! एकीवरही तो कुणाच्या वावरातला आणि कुठल्या सालचा, हे लिहिलेलं नव्हतं. दुष्काळातला कापूस आणि सुकाळातला कापूस एकाच ढिगात. आमची ज्वारी, आमचं सोयाबीन, सगळ्यांची तीच गत. ज्या सालानं माणसाला आडवं पाडलं, ते साल मालावर कुठेच राहत नाही. फक्त सात-बाराच्या बोज्यात राहतं.

रात्री घरी पोहोचलो तेव्हा आत्या जागी होती. पुतण्यानं हिशेबाच्या वहीत तो कागद चिकटवला. आत्यानं चष्मा लावून पाहिला.

“हे काय होय?”

“ज्या हंगामात आपली जाळी गेली ना आत्या, ते साल.”

“त्याचंही गेलं होतं?”

“अर्ध्याच्या वर.”

“मंग उरलं ते त्यानं नाव-साल लिहून विकलं?”

“हो.”

आत्यानं वही मिटली, चष्मा काढला. “माणूस हुशार हाये,” ती म्हणाली. “दुसरं कायी पिकवत असता, तं मी सोता भेटाले गेली असती.”

पुतण्यानं नवी जाळी उभारायला घेतली आहे. शेततळ्याजवळचा अर्धा एकर त्यानं रिकामा ठेवला आहे. आणि वहीच्या त्या पानाखाली आता तो रोज काहीतरी लिहितो, पाऊस किती पडला, फूल कधी लागलं, औषध कोणतं मारलं. वर त्यानं साल घातलं आहे.